नोकरी तिथे आरोग्य विमा: हवाईचा कायदा अख्ख्या अमेरिकेत चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कायदा नेमका कोणता?

हवाई राज्याचा ‘प्रीपेड हेल्थ केअर ॲक्ट’. मंजुरी १२ जून १९७४, अंमल १ जानेवारी १९७५ पासून. मालकाने कामगाराला आरोग्य विमा दिलाच पाहिजे, अशी सक्ती करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. बाकी कुठल्याही राज्याला ही सक्ती आजवर थेट लावता आलेली नाही. या कायद्यामागचा अभ्यास १९७१ मध्ये बर्कलीचे कायद्याचे प्राध्यापक स्टीफन रीझनफेल्ड यांनी हवाईच्या विधिमंडळासाठी केला होता. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही मालकांवरच्या सक्तीचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, ठेवला होता. देशव्यापी कायदा लवकरच येईल असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. म्हणून हवाईच्या कायद्यात एक कलमच आहे, की केंद्राचा सक्तीच्या विम्याचा कायदा लागू झाला की हा कायदा संपेल. म्हणजे तो तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षं टिकला.

कोणाला लागू होतो?

आठवड्याला किमान २० तास काम, तेही सलग चार आठवडे, आणि महिन्याची कमाई राज्याच्या किमान तासदराच्या ८६.६७ पट किंवा जास्त. हा विचित्र आकडा साध्या गुणाकारातून आला आहे: २० तास गुणिले ५२ आठवडे भागिले १२ महिने. २०२४ मध्ये हवाईत किमान तासदर १४ डॉलर होता, म्हणजे उंबरठा महिना १,२१३ डॉलरचा. २०२६ पासून दर १६ डॉलर झाला, तसा उंबरठाही १,३८७ डॉलरवर गेला.

मालकाकडे किती माणसं आहेत याला इथे महत्त्व नाही. एकच नोकर असला तरी विमा द्यावा लागतो. हवाईचं वेगळेपण सगळ्यात आधी इथे दिसतं.

कोण सुटतं?

सरकारी नोकर (त्यांची व्यवस्था वेगळी आहे), हंगामी शेतमजूर, फक्त कमिशनवर काम करणारे विमा आणि घरजमिनीचे एजंट, आणि मालकाकडे काम करणारे त्याचेच जवळचे नातेवाईक. जोडीदाराच्या पॉलिसीत आधीच संरक्षण असलेला कामगार लेखी कळवून बाहेर राहू शकतो. स्वतःचा धंदा करणारे, म्हणजे टॅक्सीवाले, सुतार, कंत्राटावरचे प्रोग्रामर, यांना हा कायदा शिवतसुद्धा नाही.

हप्ता कोण किती भरतो?

कामगाराच्या पगारातून दोन रकमांपैकी जी कमी असेल तेवढीच कापता येते: हप्त्याची निम्मी रक्कम किंवा महिन्याच्या पगाराच्या दीड टक्का. उरलेलं सगळं मालकाचं.

हिशेब मांडून पाहू. २०२४ मध्ये अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या एका माणसाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला ८,९५१ डॉलर होता, म्हणजे महिन्याला साधारण ७४६. हा देशाचा आकडा आहे, इथे फक्त हिशेबापुरता घेतला आहे.

महिना ६,००० डॉलर पगाराच्या माणसाचा दीड टक्का ९० डॉलर. मालकाकडे उरतात ६५६, म्हणजे पगाराच्या ११ टक्के.

३,००० डॉलर पगारावर कामगाराचे ४५ आणि मालकाचे ७०१. पगाराच्या २३ टक्के.

२० तास काम करून जेमतेम १,२१३ डॉलर मिळवणाऱ्या कामगाराचे फक्त १८ डॉलर. मालकाचे ७२८, म्हणजे त्या पगाराच्या तब्बल ६० टक्के!

हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. देशभर हा कायदा चालेल की नाही, याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे. कामगाराला दीड टक्क्याची मर्यादा हा फार मोठा आधार आहे आणि आम्हाला तो मनापासून योग्य वाटतो. पण १९७४ मध्ये विम्याचा हप्ता लहान होता, तेव्हा ‘निम्मा हप्ता’ आणि ‘दीड टक्का’ या रकमा एकमेकींच्या बऱ्याच जवळ होत्या. पन्नास वर्षांत हप्ते पगारांच्या कितीतरी पुढे धावले आणि मधली सगळी वाढ मालकाच्या बाजूला साचली.

कुठलीही स्वस्त पॉलिसी घेऊन चालतं का?

नाही. पॉलिसीला राज्याच्या कामगार आणि औद्योगिक संबंध खात्याची मंजुरी लागते, आणि मंजुरीआधी एक सल्लागार समिती ती तपासते. कसोटी अशी, की राज्यात सर्वांत जास्त सभासद ज्या योजनेत आहेत, तिच्या तोडीचे फायदे मिळाले पाहिजेत. कायद्यात वर्षाला किमान १२० दिवसांचं रुग्णालयातलं उपचार-संरक्षण, शस्त्रक्रिया, डॉक्टरच्या भेटी, तपासण्या, क्ष-किरण आणि बाळंतपण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दात आणि चष्मा यांची सक्ती नाही.

थोडे कमी फायदे असलेली दुसरी श्रेणीही मंजूर होते. मात्र ती निवडली तर मालकाला कामगाराच्या कुटुंबीयांच्या हप्त्याचा किमान निम्मा भाग उचलावा लागतो. पहिल्या श्रेणीत कुटुंबाचा एक पैसाही देण्याची सक्ती नाही. नवीन नोकरी घेताना बहुतेकजण ‘विमा आहे ना?’ एवढंच विचारतात. ‘कोणत्या श्रेणीचा?’ हेही विचारावं.

मालकाने प्रत्यक्षात काय करायचं, आणि चुका कुठे होतात?

कामगार खात्यात नोंदणी, मंजूर यादीतल्या कंपनीकडून मंजूर योजना, चार आठवडे पूर्ण होताच नाव चढवणं, आणि पगारपत्रकात दीड टक्क्याची मर्यादा बसवणं. स्वतःच्या पैशातून उपचारांचा खर्च भागवणारी कंपनी असेल तर तिलाही योजना मंजूर करून घ्यावी लागते आणि आर्थिक ताकद दाखवावी लागते.

चुका ठरावीक आहेत. सगळ्यात मोठी चूक मुख्य भूमीवरच्या कंपन्यांची. त्यांचा एखादा कर्मचारी होनोलुलूतल्या घरून काम करू लागतो आणि त्याला कंपनीची देशभराची पॉलिसी तशीच चालू ठेवली जाते. काम हवाईत होत असेल तर कायदा हवाईचा, आणि ती पॉलिसी तिथे मंजूर नसेल तर ती कितीही चांगली असली तरी कायद्याच्या लेखी विमा नाहीच. दुसरी चूक म्हणजे ‘ओबामाकेअर’ या केंद्राच्या आरोग्य विमा कायद्यातला ३० तासांचा नियम डोक्यात ठेवून २५ तासवाल्यांना वगळणं.

तिसरी चूक एचसी-५ या फॉर्मची. दुसरीकडे विमा असल्याने नकार देणाऱ्या कामगाराकडून तो भरून घ्यायचा असतो, आणि तो ३१ डिसेंबरला संपतो. दर वर्षी नवा घ्यावा लागतो. जुना फॉर्म फायलीत आहे म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि मार्चमध्ये कामगार रुग्णालयात दाखल झाला की धावपळ उडते.

दोन नोकऱ्या करणाऱ्यांसाठीही हाच फॉर्म. जास्त पगार देणारा तो मुख्य मालक, आणि विमा त्याने द्यायचा. कमी पगार देणाऱ्याकडे आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काम असेल तर मुख्य मालक कोण हे कामगार ठरवतो.

कामगार आजारी पडून घरी बसला तर विमा बंद होतो का?

लगेच नाही. ज्या महिन्यात तो कामावर येऊ शकला नाही त्याच्यापुढचे तीन महिने मालकाला आपला वाटा भरत राहावा लागतो. मालक त्याहून जास्त काळ पगार देत असेल तर तेवढा काळ. या कायद्यातलं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम हेच. विम्याची खरी गरज पडते तेव्हाच माणूस कामावर जाऊ शकत नसतो, हे ज्याने लिहिलं त्याला नीट कळलेलं होतं.

विमा दिला नाही तर शिक्षा काय?

किमान २५ डॉलर, किंवा दर कामगारामागे दर दिवशी १ डॉलर, यांतला मोठा आकडा. ही रक्कम आज फारच किरकोळ आहे. खरी जरब दुसऱ्या दोन कलमांची. विमा नसताना कामगाराला जो वैद्यकीय खर्च आला तो मालकाला भरावा लागतो, आणि ३० दिवस नियम मोडत राहिल्यास धंदाच थांबवण्याचा आदेश मिळू शकतो. एका हृदयशस्त्रक्रियेचं बिल छोट्या हॉटेलाला बुडवायला पुरेसं असतं.

याचा परिणाम दिसला का?

दिसला. २०१३ मध्ये, म्हणजे ओबामाकेअरची मुख्य कलमं लागू होण्याच्या आदल्या वर्षी, अमेरिकेत १४.५ टक्के लोकांकडे विमा नव्हता. टेक्सासमध्ये हे प्रमाण २२.१ टक्के होतं, हवाईत ६.७. मात्र मॅसेच्युसेट्समध्ये ३.७ टक्केच होतं, आणि तिथे रस्ता वेगळा होता.

नोकऱ्या गेल्या का, हा पुढचा प्रश्न लोक लगेच विचारतात. तीन अर्थतज्ज्ञांचा २०११ मधला अभ्यास या बाबतीत सर्वांत नेटका मानला जातो. एकूण रोजगार किंवा पगार ठळकपणे घटल्याचं त्यांना आढळलं नाही. मात्र २० तासांच्या आतल्या नोकऱ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. वरच्या हिशेबाशी हे अगदी जुळतं. १९ तासांच्या कामगारामागे विम्याचा खर्च शून्य आणि २० तासांच्या कामगारामागे ७२८ डॉलर असेल, तर मालक ड्युटीचा तक्ता कसा लावेल हे वेगळं सांगायला नको.

मग बाकी राज्यांनी असा कायदा का केला नाही?

कारण त्यांना तो करताच येत नाही. २ सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे हवाईच्या कायद्यानंतर तीन महिन्यांच्या आत, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ‘एरिसा’ नावाच्या केंद्रीय कायद्यावर सही केली. तो मुख्यतः पेन्शन बुडू नये यासाठी होता. पण त्यातलं कलम ५१४ म्हणतं, की मालकाने कामगारांना दिलेल्या लाभ-योजनांशी संबंध असलेले राज्यांचे कायदे निष्प्रभ ठरतील. आरोग्य विमाही त्यात आला. अनेक राज्यांत पसरलेल्या कंपनीला पन्नास तऱ्हेचे नियम पाळावे लागू नयेत, हा हेतू.

स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया ही कंपनी हवाईच्या कामगार खात्याविरुद्ध कोर्टात गेली. १९७७ मध्ये जिल्हा न्यायालयात, १९८० मध्ये अपील न्यायालयात आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात राज्य हरलं. कायदा मेला असं वाटत असताना हवाईच्या प्रतिनिधींनी काँग्रेसमध्ये जोर लावला आणि जानेवारी १९८३ मध्ये खास हवाईपुरती सूट मिळवली. ही सूट उदाहरण म्हणून दुसऱ्या राज्याला वापरता येणार नाही, असं त्यातच लिहून ठेवलं आहे.

शिवाय सूट मिळाली ती २ सप्टेंबर १९७४ रोजी कायदा जसा होता तशा कायद्याला. कारभाराच्या सोयीपलीकडे त्यात बदल केला की बदललेला भाग सुटीबाहेर पडतो. म्हणून दीड टक्का दीडच राहिला, आणि मुलाबाळांना सक्तीने सामावून घेता आलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी शिवलेला अंगरखा मूल मोठं झालं तरी उसवता येत नाही, अशी हवाईची अवस्था आहे. दोष हवाईचा नाही.

इतर राज्यांनी प्रयत्न केले होते का?

खूप. ऑरेगनने १९८९ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये कायदे केले, पण एरिसातून सूट मिळाली नाही आणि दोन्हीकडची सक्ती अंमलात येण्याआधीच संपली. मॅसेच्युसेट्सचा १९८८ चा प्रयत्नही कागदावरच राहिला. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा केला, तो नोव्हेंबर २००४ च्या जनमतात निसटत्या फरकाने पडला. मेरीलँडने २००६ मध्ये दहा हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पगारखर्चाच्या ८ टक्के आरोग्यावर खर्च करायला लावलं. त्या मापात प्रत्यक्षात वॉलमार्टच बसत होती. २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा एरिसाच्याच आधारे रद्द केला. सॅन फ्रान्सिस्को शहराचा नियम मात्र कोर्टात टिकला, कारण तिथे मालकाला शहराच्या योजनेत पैसे भरण्याचा पर्याय आहे. कंपनीच्या विमायोजनेला हात लावायचा नाही, फक्त प्रत्येक कामगारामागे किती खर्च व्हावा ते ठरवायचं, ही ती अरुंद वाट.

मॅसेच्युसेट्सने २००६ मध्ये शहाणपणा केला. मालकावर फार भार न टाकता (वर्षाला माणशी २९५ डॉलर, तेही ११ किंवा जास्त कामगार असतील तरच) विमा घेण्याची सक्ती थेट नागरिकावर केली आणि गरिबांना अनुदान दिलं. पुढे ओबामाकेअर त्याच साच्यात घडलं.

ओबामाकेअरमध्ये मालकांवर सक्ती आहेच. मग वेगळं काय उरलं?

बरंच. केंद्राची सक्ती ५० किंवा जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्यांना, हवाईची एका कामगारालाही. तिथे पूर्णवेळ म्हणजे ३० तास, इथे २० तास पुरतात. तिथे नाव चढवायला ९० दिवसांपर्यंत थांबवता येतं, इथे चार आठवडे. केंद्राच्या नियमात विमा ‘परवडणारा’ ठरायला २०२४ मध्ये कामगाराचा वाटा उत्पन्नाच्या ८.३९ टक्क्यांपर्यंत चालत होता. ३,००० डॉलरवर तो २५२ होतो, हवाईत ४५. आणि केंद्राच्या कायद्यात मालक दंड भरून मोकळा होऊ शकतो.

एका गोष्टीत केंद्र पुढे आहे: २६ वर्षांपर्यंतच्या मुलांनाही विमा देऊ करावा लागतो. ओबामाकेअर लिहिताना हवाईच्या सुटीला धक्का लागणार नाही असं स्पष्ट कलम घातलं गेलं, म्हणून हवाईतल्या मोठ्या कंपन्या आज दोन्ही कायदे पाळतात.

हवाईत जमलं ते मिसिसिपीत का जमणार नाही?

पहिलं कारण समुद्र. कॅलिफोर्नियाचा किनारा तिथून साधारण ३,८०० किलोमीटर दूर आहे. विम्याचा खर्च नको म्हणून वायकीकीचं हॉटेल शेजारच्या राज्यात हलवता येत नाही. देशभर एकच नियम आला तर राज्याराज्यांतली पळवापळव थांबते, हे खरं. म्हणजे ही अडचण राज्याला आहे, देशाला तितकी नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर कामगारांच्या दवाखान्यांची जुनी परंपरा होती, गोदी आणि मळ्यांतली युनियन बलवान होती, आणि कायदा आला तेव्हा बहुतेक नोकरदारांना विमा आधीच मिळत होता. कायद्याने उरलेली फट बुजवली. जिथे निम्म्या छोट्या दुकानांत विमा नाही, तिथे तीच सक्ती एका रात्रीत कितीतरी जड पडेल.

तिसरं कारण बाजार. १९३८ मध्ये स्थापन झालेली एचएमएसए आणि १९५८ पासून तिथे असलेली कैसर या दोन संस्थांकडे हवाईतला बहुतेक विमा आहे. ‘सर्वांत जास्त सभासद असलेली योजना’ ही कसोटी चालते ती त्यामुळे. टेक्सास किंवा न्यूयॉर्कमध्ये ही कसोटी कोणत्या योजनेला लावणार?

छोट्या मालकांना काही मदत?

आहे, पण फारच अरुंद. आठपेक्षा कमी कामगार असावेत, मालकाचा हप्त्याचा वाटा एकूण पगारखर्चाच्या दीड टक्क्यावर जावा, आणि ती जादा रक्कम त्याच्या करपूर्व उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक असावी, तर राज्याच्या निधीतून मदत मिळते. फार थोड्यांनी ती घेतली. २०१७ पासून हवाईला ओबामाकेअरमधल्या छोट्या व्यवसायांच्या विमाबाजारातून सूट मिळाली आणि तिथल्या करसवलतींचे पैसे याच निधीकडे वळवले गेले.

हे आपल्या ईएसआयसारखंच ना?

कल्पना जवळची, पण हिशेब उलटा. ईएसआयमध्ये जुलै २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. १५,००० रुपये पगारावर मालकाचे ४८७.५० आणि कामगाराचे ११२.५०. पगार कमी तर वर्गणीही कमी, आणि कुटुंबाला उपचार मिळतात. २१,००० च्या वर पगार गेला की माणूस बाहेर पडतो, हा तिचा मोठा दोष. हवाईत वरची मर्यादा नाही, पण मालकाला डोईवार हप्ता भरावा लागतो. मोलकरीण आणि मॅनेजर, दोघींचा हप्ता तोच.

देशभर आणायचं झालं तर काय बदलावं लागेल?

कायदा काँग्रेसनेच करावा लागेल, किंवा एरिसात बदल करून राज्यांना मोकळीक द्यावी लागेल. १९९३–९४ मध्ये क्लिंटन यांच्या योजनेत मालकाने सरासरी हप्त्याच्या ८० टक्के भरावेत असं होतं. १९९४ च्या सप्टेंबरपर्यंत ती योजना बारगळली, आणि छोट्या व्यावसायिकांच्या संघटनांचा विरोध हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

आमच्या मते हवाईचा कायदा जसाच्या तसा देशभर चालणार नाही, पण त्याचा पाया चालेल. मालकाचा वाटा डोईवार न ठेवता पगाराच्या टक्क्यांत हवा, म्हणजे कमी पगाराचा माणूस नेमणं महाग पडणार नाही. २० तासांचा कडा मोडून १० तासवाल्यालाही त्या प्रमाणात वर्गणी लागली, तर १९ तासांच्या ड्युट्या लावण्यात मालकाचा फायदा उरत नाही. आणि नोकरीबाहेरच्यांसाठी सरकारी योजना पहिल्या दिवसापासून हवी. हवाईलाही हे चुकलं नाही: १९८९ मध्ये मधल्या फटीत राहिलेल्यांसाठी वेगळी योजना काढावी लागली आणि १९९४ मध्ये ती मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या, ‘क्वेस्ट’ योजनेत मिसळावी लागली.

अमेरिकेत नोकरीवर आहोत. नोकरी गेली तर विम्याचं काय?

इथे हवाईचा कायदाही हात टेकतो. तीन महिन्यांचं संरक्षण आजारपणासाठी आहे, कामावरून काढलेल्यासाठी नाही. २० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीतून ‘कोब्रा’ कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता अधिक २ टक्के स्वतः भरून. ७४६ चे ७६१ होतात, आणि कुटुंब असेल तर २०२४ च्या सरासरीने महिन्याला २,१०० हून जास्त. निर्णयासाठी ६० दिवस मिळतात. घेतला तर विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी घाईने पैसे भरायची गरज नसते, मात्र मुदत चुकवू नये. ओबामाकेअरच्या बाजारात नवी पॉलिसी घ्यायलाही तेवढेच ६० दिवस.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांना देशात थांबायलाही जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात, म्हणून दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून ठेवाव्यात. आणि हवाईत नोकरी घेताना बायको-मुलांचा हप्ता कोण भरणार हे नेमणूकपत्र स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्यावं.